अज्ञानाचं प्रमाणपत्र

माणसानं बावन्नाव्या वर्षी वाटेल ते करावं. दाढी वाढवावी, पोहायला शिकावं, जुन्या भांडणांचा निकाल लावावा. पण परीक्षा देऊ नये. हे भाऊंना आज पटतं. तेव्हा पटलं नाही, कारण तेव्हा असं सांगणारी एकच व्यक्ती घरात होती आणि तिचं न ऐकण्याची भाऊंना सव्वीस वर्षांची सवय होती.

भाऊ एका विमा कंपनीच्या शाखेत वरिष्ठ लेखनिक. इमारतीत सगळे त्यांना भाऊ म्हणत आणि त्यांच्या पत्नीला वहिनी. दोघांचा संसार दोन खोल्या आणि एक स्वयंपाकघर एवढा आटोपशीर. मुलगी लग्न होऊन गेलेली. सगळं कसं सुरळीत चाललं होतं, तेवढ्यात शाखेच्या फलकावर एक कागद लागला. कंपनीत नवा 'सुरक्षा कक्ष' निघणार होता. त्यासाठी सायबर सुरक्षेची प्रमाणपत्र परीक्षा वर्षअखेरपर्यंत पास व्हायची. जे होतील ते दुसऱ्या मजल्यावर, काचेच्या दारामागे बसतील. जे वरिष्ठ लेखनिक पास होणार नाहीत, त्यांची बदली शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, जुन्या फायलींच्या गोदामात.

तरीही भाऊंनी अर्ज भरला नसता. पण व्यवस्थापक त्यांच्या टेबलाशी आले आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "भाऊ, तुम्ही नका दगदग करू. गोदामात फार शांतता असते. तुम्हाला मानवेल." व्यवस्थापकाला नोकरीला लागल्यावर पावती फाडायला भाऊंनीच शिकवलं होतं. शांतता हा शब्द माणसाला इतका झोंबू शकतो, हे भाऊंना त्या दिवशी कळलं. जेवणाच्या सुट्टीतच त्यांनी अर्ज भरला.

त्या वेळी भाऊंचा स्वतःचा पासवर्ड कीबोर्डच्या पोटाला चिठ्ठीवर चिकटवलेला होता. तो अख्ख्या शाखेला पाठ होता, कारण चष्मा नसला की भाऊ तो शेजारच्या टेबलाला विचारत. हे इथेच सांगून टाकलेलं बरं.

घोडं पहिल्यांदा अडलं ते नावावर. ओळखपत्रावर भाऊंचं आडनाव शेवटी होतं, परीक्षा मंडळाच्या अर्जात ते आधी लिहायचं होतं. मंडळाच्या यंत्राच्या मते ही दोन वेगळी माणसं होती आणि त्यातला एक दुसऱ्याच्या नावावर परीक्षा देऊ बघत होता. भाऊंनी चार पत्रं पाठवली. चारींना एकच उत्तर आलं, "आपली ओळख पटत नाही." भाऊंना फार लागलं. इतकी वर्षं कुणी त्यांची विशेष दखल घेतली नव्हती हे खरं, पण ओळखच नाही असं तोंडावर कुणी म्हणालं नव्हतं.

अशा प्रसंगी समोरच्या दारातून ऑडिटर बाहेर येत. ते निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, पण दुसऱ्याच्या कागदात चूक शोधायची भूक अजून तशीच होती. ऑडिटरांनी चारही पत्रं वाचली, चष्मा कपाळावर सरकवला आणि निदान केलं.

"प्रतिज्ञापत्र करा, भाऊ. मीच तो मी आहे, असं लिहून द्या. जगात कुठलंही कुलूप प्रतिज्ञापत्रानं उघडतं."

आश्चर्य म्हणजे ते उघडलं. 'मी आणि मी ही एकच व्यक्ती असून' अशी सुरुवात असलेला तो कागद गेला आणि आठ दिवसांत भाऊंना परीक्षा क्रमांक आला. तेव्हापासून ऑडिटर या प्रकरणात कायमचे शिरले. काही माणसांना एकदा आत घेतलं की ती बाहेर कशी काढायची, हे भाऊंच्या नऊशे पानी पुस्तकात कुठेच दिलं नव्हतं.

आता अभ्यास. भाऊंची शाळेपासूनची खोड अशी, की डोळ्यांनी वाचलेलं त्यांच्या डोक्यात जात नसे. ते कानावाटेच जावं लागे. म्हणून ते मोठ्यानं वाचत. कचेरीतून आले, चहा झाला, की सहा ते आठ झोपायच्या खोलीतल्या टेबलाशी बसायचं आणि खणखणीत आवाजात फायरवॉल, फिशिंग, रॅन्समवेअर असं म्हणायला लागायचं. टेबल ज्या भिंतीला लागून होतं, तिच्यापलीकडे स्वयंपाकघर. भिंतीला वरच्या अंगाला एक जाळीचा झरोका होता. स्वयंपाकघरातला धूर जावा म्हणून तो बांधणाऱ्यानं ठेवला होता, आणि धूर इमानदारीनं झोपायच्या खोलीत येत होता.

तिसऱ्या दिवशी भाऊ एका प्रश्नाशी दहा मिनिटं झटत होते. कर्मचाऱ्याला यंत्रणेत किती अधिकार द्यावेत? चार पर्याय त्यांनी तीनदा मोठ्यानं वाचले. तिन्ही वेळा त्यांना वेगवेगळा पर्याय बरोबर वाटला. तेवढ्यात झरोक्यातून कांद्याचा वास आला आणि त्याच्या मागोमाग आवाज आला.

"क."

"काय क?"

"उत्तर. ज्याचं ज्या खोलीत काम, त्याला तेवढ्याच खोलीची किल्ली. अख्ख्या घराचा जुडगा कशाला द्यायचा?"

भाऊंनी पुस्तकाच्या मागे पाहिलं. क होतं. त्यांनी पुस्तक मिटलं आणि म्हणाले, "अंदाजानं लागलं तुझं."

मग तो रिवाजच पडला. भाऊ वाचायचे आणि भिंतीपलीकडून उत्तर यायचं. एक किल्ली जगजाहीर आणि दुसरी खासगी, हा प्रकार भाऊंना आठ दिवस झेपला नाही. वहिनी सुरी न थांबवता म्हणाल्या, "टपालपेटी हो. पत्र कुणीही टाकावं, उघडायची किल्ली एकाकडेच." पासवर्ड साठवताना त्यात थोडी वेगवेगळी भर घालतात, तिला मीठ म्हणतात, असं पुस्तकात होतं. ते कशासाठी? "दोन घरी एकच भाजी शिजली तरी चव एक लागू नये म्हणून. नाहीतर एका घरचं चाखलं की दुसऱ्या घरचं कळलंच." प्रत्येक वेळी भाऊ मागचं पान बघत आणि प्रत्येक वेळी म्हणत, "अंदाज."

एकदा त्यांना पुस्तकात चारशे बाराव्या पानावर कांद्याचं वाळलेलं साल सापडलं. खूण म्हणून ठेवलेलं. भाऊ स्वतः तेव्हा एकशे साठाव्या पानावर होते. त्यांनी ते साल झटकून टाकलं आणि त्याबद्दल कुणाशी बोलले नाहीत. पुढे वहिनींनीच एका संध्याकाळी झरोक्यातून विचारलं, "ही परीक्षा बाहेरच्या माणसाला देता येते का हो?"

"बाहेरच्या म्हणजे?"

"म्हणजे, कचेरीत नसलेल्या."

भाऊ हसले होते. वाईट नव्हते हसले. मूल काही बोललं की हसतो तसं हसले होते. "अगं, ही काही शब्दकोड्याची स्पर्धा नाही," असंही म्हणाले होते. पलीकडे नळ सुरू झाला आणि विषय संपला. आज भाऊंना ते हसू आठवलं, की जागच्या जागी कूस बदलावीशी वाटते.

अर्धं शिकलेला माणूस गप्प बसत नाही. पुस्तक निम्मं झालं तसे भाऊ इमारतीच्या बैठकीत उभे राहिले आणि खालच्या दाराचं कुलूप किती धोक्याचं आहे, यावर वीस मिनिटं बोलले. लोक घाबरले. वर्गणी निघाली, आकड्यांचं नवं कुलूप आलं आणि त्याचा आठ आकडी संकेत अर्थातच भाऊंनी ठरवला. तो वाढदिवस नको, फोन नंबर नको, कुणाला सहज आठवेल असं काहीच नको, हे तत्त्व त्यांनी कसोशीनं पाळलं. संकेत तीनदा चुकला की कुलूप अर्धा तास तोंड मिटून बसे.

पहिल्याच रविवारी वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाई दारात अडकल्या. मग ऑडिटर अडकले. मग खुद्द भाऊ. तिघांनी एकेकदा आकडे दाबले आणि तिन्ही वेळा कुलूप लाल झालं. अर्ध्या तासानं पुन्हा तिघांनी एकेकदा दाबले. दीड तासात दाराशी अकरा माणसं, चार पिशव्या आणि एक वितळलेलं आइस्क्रीम जमा झालं.

"सुरक्षा एकदम पक्की आहे, भाऊ," शिक्षिकाबाई म्हणाल्या. "आता चोर यायचा असेल तर त्यालाच विचारू."

तेवढ्यात बाजारातून वहिनी आल्या. त्यांनी पिशवी डाव्या हातात घेतली, उजव्या हातानं आठ आकडे दाबले आणि दार उघडून आत गेल्या. बाकीचे दहाही जण भाऊंकडे बघायला लागले.

"अंदाजानं," भाऊ म्हणाले. तेव्हापासून इमारतीत त्यांना कुलूपभाऊ म्हणू लागले.

परीक्षा घरूनच द्यायची होती, संगणकासमोर, आणि पलीकडून निरीक्षक कॅमेऱ्यातून नजर ठेवणार. नियमांचं पत्रक अकरा पानी होतं. खोलीत दुसरं कुणी नको. टेबलावर काही नको. नजर इकडेतिकडे नको. बोलायचं नाही. ऑडिटरांनी पत्रक लाल पेन्सिलीनं तपासलं आणि 'बोलायचं नाही' खाली दोन रेघा मारल्या. वहिनींनी घरात राहूच नये, असंही त्यांनीच सुचवलं. दहा ते साडेअकरा परीक्षा. वहिनींनी नऊला शिक्षिकाबाईंकडे जावं आणि बाराच्या ठोक्याला परत यावं. भाऊंनी हे वहिनींना दोनदा बजावलं. वहिनी म्हणाल्या, "बारा म्हणजे बारा."

दहाला पाच कमी असताना पडद्यावर एक आवाज आला. चेहरा नाही, नुसता आवाज, अतिशय सभ्य.

"सर, कृपया संगणक हातात घेऊन खोली दाखवा."

भाऊंनी खोली दाखवली.

"सर, ते पुस्तकांचं कपाट बाहेर न्यावं लागेल."

कपाट भाऊंच्या सासऱ्यांनी दिलेलं, शिसवी. भाऊ आणि ऑडिटर यांनी ते ढकलत जिन्याजवळ नेलं. मग आरसा बाहेर गेला. मग भिंतीवरचं घड्याळ. मग पलंगाखाली काय आहे असं आवाजानं विचारलं. पलंगाखाली दोन पेट्या, एक पंखा आणि सव्वीस वर्षांतलं जे जे टाकवलं नाही ते सगळं होतं. ते एकेक करून बाहेर गेलं. शेवटी गादीही गेली, कारण गादीखाली काय असेल याची आवाजाला खात्री वाटेना. जिन्यात सामानाचा असा डोंगर झाला, की खालच्या मजल्यावरची एक बाई वर येऊन हळहळली, "भाऊ, सांगितलं पण नाहीत सोडून जाताय ते." फोनसुद्धा खोलीत चालत नव्हता. तो ऑडिटरांनी जिन्यात एका बादलीत ठेवला.

"सर, वर ती जाळी कसली?"

"हवेची."

"पलीकडे कोण आहे?"

"कुणी नाही. पत्नी बाहेर गेली आहे," भाऊ अभिमानानं म्हणाले. त्या क्षणी ते अक्षरशः खरं होतं.

परीक्षा सुरू झाली तेव्हा सव्वाअकरा वाजले होते. भिंतीवरचं घड्याळ जिन्यात होतं, फोन बादलीत होता आणि भाऊंच्या डोक्यात नव्वद प्रश्नांखेरीज काही नव्हतं. परीक्षा सव्वा तास पुढे गेली म्हणजे वहिनींचे बारा परीक्षेच्या ऐन मध्यावर येणार, एवढी साधी वजाबाकी करायला घरात तेव्हा कुणी नव्हतं. ती वजाबाकी करणारी व्यक्ती वरच्या मजल्यावर चहा पीत होती. ऑडिटर थोडा वेळ सामानाची राखण करून जेवायला निघून गेले.

भाऊंचा पेपर बरा चालला होता. अडचण एकच, मनात वाचून त्यांना प्रश्न कळेना. ओठ आपोआप हलत. "सर, कृपया ओठ हलवू नका," आवाज म्हणाला. चाळिसाव्या प्रश्नाला ओठांतून कुजबुज फुटली. "सर, ही दुसरी सूचना." भाऊंनी दातांनी ओठ धरून ठेवला आणि तीस प्रश्न तसेच काढले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

बाराला दोन कमी असताना वहिनी खाली आल्या. सामान जिन्यात पाहून त्यांना वाटलं, आटोपलं सगळं. लावून घेऊ सावकाश. किल्लीनं दार उघडून त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि कांदा चिरायला घेतला. इकडे एकाहत्तरावा प्रश्न आला. तो सहा ओळींचा होता. सहा ओळी ओठ मिटून वाचणं भाऊंच्या कुवतीबाहेरचं होतं. दातांतला ओठ सुटला आणि नेहमीच्या खणखणीत आवाजात ते वाचायला लागले. दोन कर्मचाऱ्यांचा पासवर्ड एकच असूनही साठवलेल्या नोंदी वेगवेगळ्या दिसतात, याचं कारण काय? अ, ब, क, ड. त्यांचं बोट ब वर गेलं.

वहिनींना वाटलं, पेपरात काय काय आलं होतं ते भाऊ आता घोकून बघताहेत.

"क," झरोक्यातून आवाज आला. स्पष्ट, ठाम. "मीठ. दोन घरी एकच भाजी, पण मीठ वेगळं. आणि ब लावू नका, परवा तुम्ही ब लावलं होतंत ते चुकलं होतं."

"सर, तुमच्यासोबत कोण आहे?" सभ्य आवाजानं विचारलं.

"कुणी नाही," भाऊ म्हणाले.

"अहो, कुणाशी बोलताय?" असं म्हणत वहिनी दारात आल्या. हातात सुरी आणि कांद्यानं डोळ्यांतून घळाघळा पाणी. कॅमेऱ्याला गादी नसलेला पलंग, रिकामी खोली आणि सुरी घेतलेली, रडणारी बाई असं सगळं एकदम दिसलं असणार.

"सर," आवाज पहिल्यांदाच कापला, "तुम्ही सुरक्षित आहात ना?"

भाऊ उत्तर देण्याआधीच पडदा काळा झाला. वहिनींनी पडद्याकडे पाहिलं, भाऊंकडे पाहिलं, आणि सुरी हळूच पाठीमागे नेली. "संपली नव्हती का?" त्यांनी विचारलं. भाऊंनी संगणक मिटला. त्या दिवशी ते वहिनींशी संध्याकाळपर्यंत बोलले नाहीत, आणि कपाट वहिनी आणि शिक्षिकाबाई यांनी मिळून आत आणलं.

चौथ्या दिवशी मंडळाचं पत्र आलं. उमेदवारानं भिंतीपलीकडे एका विषयतज्ज्ञाला बसवून मदत घेतल्याचा संशय आहे. ध्वनिफीत तीन परीक्षकांनी ऐकली असून सदर व्यक्तीचं उत्तर अचूक, कारणांसह आणि चुकीच्या पर्यायाचं खंडन करणारं आहे. आरोप सिद्ध झाल्यास दोन वर्षं बंदी. मात्र सदर व्यक्तीला विषयाचं ज्ञान नाही आणि तो निव्वळ घरगुती व्यत्यय होता, असं सिद्ध झाल्यास फेरपरीक्षा मिळेल. वर्षअखेरीला पाच आठवडे उरले होते.

'विषयतज्ज्ञ' हा शब्द वहिनींनी दोनदा वाचला. नंतर पत्र घडी करून भाऊंना परत दिलं. त्यांच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे होतं ते भाऊंनी पाहिलं होतं. पाहिलं नव्हतं असं ते म्हणू शकत नाहीत.

ऑडिटर कागद घेऊनच आले. "सोपं आहे. वहिनींचं प्रतिज्ञापत्र." आणि मसुदा भाऊंनीच मोठ्यानं वाचून दाखवला, कारण तसं वाचल्याशिवाय त्यांना काही कळत नाही. 'मी शपथेवर लिहून देते की मला सदर विषयातलं काहीही कळत नाही, कळण्याची माझी पात्रता नाही, आणि दिनांक अमुक रोजी मी उच्चारलेले शब्द ही माझी अर्थहीन बडबड होती.'

वहिनी पदराला हात पुसत उभ्या होत्या. "अर्थहीन कशाला? नुसतं सहज म्हणाले, असं लिहा ना."

"सहज चालत नाही, वहिनी. सहज बरोबर उत्तर आलं तर ते तज्ज्ञच समजतात."

"आणि पात्रता नाही ते?"

"ते जोर यावा म्हणून."

"पण हे खोटं आहे," वहिनी म्हणाल्या. भाऊंकडे बघून म्हणाल्या.

इथे भाऊंना बोलता आलं असतं. गोदामात जाईन, काय व्हायचं ते होऊ दे, असं म्हणता आलं असतं. पण त्यांच्या डोळ्यांसमोर खांद्यावर हात ठेवलेला व्यवस्थापक होता आणि ती शांतता होती. ते म्हणाले, "अगं, कागदच तर आहे."

वहिनींनी सही केली. पूर्ण नाव लिहिलं, वळणदार अक्षरात, कुठेही न चुकता.

मंडळाला तेवढ्यानं समाधान नव्हतं. पडताळणीसाठी एका अधिकाऱ्याचा फोन आला. फोन सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला. एका बाजूला ऑडिटर, एका बाजूला भाऊ, मध्ये खुर्चीत वहिनी. अधिकारी तरुण असावा. सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलत होता.

"मावशी, घाबरू नका हं. तीनच प्रश्न. फायरवॉल म्हणजे काय, ठाऊक आहे?"

वहिनींनी भाऊंकडे पाहिलं. भाऊंनी दोन्ही हात जोडले.

"भिंत असेल काहीतरी," वहिनी म्हणाल्या. "आग लागू नये म्हणून."

"बरोबर आहे तुमचं तुमच्या परीनं," अधिकारी म्हणाला. "आणि फिशिंग?"

"मासे धरणं."

"वा. आणि शेवटचा. पासवर्डमध्ये मीठ का घालतात?"

वहिनी थांबल्या. खूप वेळ थांबल्या. ऑडिटर खुर्चीच्या कडेवर आले. भाऊंचे जोडलेले हात हनुवटीपर्यंत गेले. वहिनींच्या ओठांवर उत्तर आलेलं भाऊंना स्पष्ट दिसत होतं, दोन घरची भाजी आणि सगळं. भिंतीआडून इतके महिने जो आवाज नुसता ऐकला, तो असा समोर बसून कसा दिसतो हे ते पहिल्यांदाच बघत होते.

"मीठ भाजीत घालतात," वहिनी म्हणाल्या.

अधिकारी खळखळून हसला. ऑडिटर हसले. सुटकेच्या भरात भाऊही हसले, सगळ्यांत मोठ्यानं. वहिनी उठल्या, खुर्ची टेबलाखाली सरकवली आणि आत गेल्या.

फेरपरीक्षा मंडळाच्या केंद्रावर झाली. दीड तास भाऊंनी तोंडात रुमाल धरला होता. पास व्हायला सत्तर गुण हवे होते, त्यांना एकाहत्तर पडले. तो वरचा एक गुण कुठल्या प्रश्नाचा, हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही, पण मिठाचा प्रश्न पुन्हा आला होता आणि त्यांनी क लावलं होतं.

प्रमाणपत्र चौकटीत बसून बाहेरच्या खोलीत लागलं. भाऊ काचेच्या दारामागे बसायला लागले. नव्या लोकांना शिकवताना एकदा त्यांनी टपालपेटी, घरचा जुडगा आणि दोन घरची भाजी, असं सगळं सांगितलं. व्यवस्थापक म्हणाले, "भाऊ, अवघड गोष्ट इतकी सोपी करून सांगणारा माणूस मी पाहिला नाही." टाळ्या पडल्या. भाऊ त्या दिवशी एक तास लवकर घरी आले. येताना वहिनींच्या नावाचा कोरा अर्ज आणला. बाहेरच्या माणसालाही परीक्षा देता येत होती. पहिल्यापासून येत होती. पत्रकाच्या दुसऱ्याच पानावर तसं छापलं होतं.

वहिनींनी अर्ज नीट वाचला. म्हणाल्या, "याच मंडळाला मी लिहून दिलंय ना, पात्रता नाही म्हणून? आता मीच ती मी नव्हे, असं दुसरं प्रतिज्ञापत्र करायचं का?" रागानं नाही, अगदी साधेपणानं विचारलं. दुसऱ्या दिवशी बाजाराची यादी त्या अर्जाच्या पाठीवर लिहिलेली होती.

आता भाऊ वरच्या परीक्षेचा अभ्यास करताहेत. कचेरीनं सांगितलं म्हणून, असं ते म्हणतात. कचेरीनं सांगितलेलं नाही. संध्याकाळी सहाला ते झरोक्याखालच्या टेबलाशी बसतात आणि मुद्दाम जरा जास्तच मोठ्यानं वाचतात. पलीकडे सुरी चालत असते. परवा त्यांनी एक लांबलचक प्रश्न वाचला, मग पर्याय एकेक करून, सावकाश. अ. सुरी चालू होती. ब. चालू होती. क वाचला तशी सुरी थांबली. क्षणभरच थांबली आणि पुन्हा सुरू झाली.

भाऊंनी मागचं पान बघितलं नाही. मान वर करून झरोक्याकडे तोंड केलं.

"क ना गं?"

पलीकडे नळ सुरू झाला, बंद झाला.

"मला काय कळतंय त्यातलं," वहिनी म्हणाल्या. "जेवायला या."